फादर डेमियन : मोलोकाईचा मुक्काम

नोकरीनिमित्त परगावी जाणाऱ्या माणसाचे काम ठरलेले असते, पगार ठरलेला असतो; राहायचे कुठे हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. खोली स्वस्त हवी, पाणी जवळ हवे, शेजार बरा हवा, येण्याजाण्याची सोय हवी, असा हिशेब प्रत्येक जण मांडतो. त्यात गैर काही नाही. पण या साध्या हिशेबातून एखाद्याचे सगळे आयुष्य कसे वेगळ्या वळणाला लागते, आणि त्याच्याबरोबर शेकडो माणसांचेही, हे मला एका चरित्रातून उमगले. ते चरित्र फादर डेमियन यांचे. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांपैकी मोलोकाई नावाच्या बेटावर कामासाठी गेलेले हे बेल्जियन धर्मगुरू. कुष्ठरोग्यांचे सेवक म्हणून जगाला त्यांचे नाव ठाऊक आहे. त्यांच्या सेवेबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्यांच्या चरित्रात सर्वांत मोलाची वाटली ती एकच गोष्ट, ती म्हणजे बेटावर गेल्यावर ते राहिले कुठे.

डेमियन यांचे मूळ नाव योझेफ द व्हस्टर. बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात ३ जानेवारी १८४० रोजी त्यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे, धान्याचा व्यापारही होता. आठ भावंडांत हे सातवे. अंगापिंडाने मजबूत, शेतीच्या आणि सुतारकीच्या कामाला वाघ. मुलाने धंदा सांभाळावा अशी वडिलांची इच्छा होती. पण थोरला भाऊ पॅम्फिल धर्मसंघात गेला होता, त्याच्या पाठोपाठ १८५९ साली योझेफही लूव्हेन येथील मठात दाखल झाले. तेथे त्यांनी डेमियन हे नाव घेतले. शिक्षण बेताचे असल्यामुळे धर्मगुरू होण्यास ते लायक नाहीत असे वरिष्ठांचे मत पडले. लॅटिन भाषा येत नव्हती. ती त्यांनी थोरल्या भावाकडून चिकाटीने शिकून घेतली आणि वरिष्ठांना आपले मत बदलावे लागले.

हे वाचताना मला त्यांच्याविषयी एकदम आपलेपणा वाटला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील चौथीपर्यंत शिकलेले, आई बचतगटाच्या वहीत सही करायला शिकली तेवढेच. ज्या घरात पुस्तक नाही त्या घरातल्या मुलाला पहिली परकी भाषा किती जड जाते, हे सांगायला मला कुणा विद्वानाची गरज नाही.

हवाईला जायचे होते ते खरे म्हणजे पॅम्फिल यांना. पण निघण्याच्या सुमारास ते विषमज्वरासारख्या जीवघेण्या तापाने अंथरुणाला खिळले. त्यांच्या जागी मला पाठवा, असा हट्ट धाकट्या भावाने धरला. जहाजाचा प्रवास जवळजवळ पाच महिन्यांचा झाला. १९ मार्च १८६४ रोजी डेमियन होनोलुलू बंदरात उतरले आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. त्यानंतर नऊ वर्षे त्यांनी हवाई या मोठ्या बेटावर काढली. एकेका धर्मगुरूकडे तालुक्याएवढा मुलूख असे. डोंगर, ओढे, लाव्हारसाची काळी जमीन तुडवत ते गावोगाव फिरत, स्वतःच्या हाताने प्रार्थनामंदिरे बांधत आणि तिथल्या लोकांची भाषा बोलत.

याच काळात हवाई बेटांवर एक मोठे संकट पसरत होते. परदेशी जहाजांबरोबर तिथे जे अनेक रोग आले, त्यांनी मूळ रहिवाशांची संख्या झपाट्याने घटवली. कुष्ठरोग हा त्यांतलाच एक. त्यावर तेव्हा औषध नव्हते. कारणही कुणाला ठाऊक नव्हते. राजा पाचवा कामेहामेहा याच्या कारकिर्दीत १८६५ साली कायदा झाला आणि रोग झालेल्यांना पकडून कायमचे वेगळे ठेवण्याचे ठरले. त्यासाठी मोलोकाई बेटाच्या उत्तरेकडील एक चिंचोळे पठार निवडले गेले. तीन बाजूंनी खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला दीड-दोन हजार फुटांचा सरळ कडा. जानेवारी १८६६ मध्ये पहिले बारा रुग्ण तेथे उतरवण्यात आले. सरकारची कल्पना अशी की हे लोक तिथे शेती करून आपले पोट भरतील. ज्यांच्या हाताची बोटे झडत होती त्यांनी शेती कशी करायची, याचा विचार कुणी केला नव्हता. हवाईच्या लोकांनी या रोगाला आपल्या भाषेत जे नाव दिले त्याचा अर्थ ताटातूट करणारा रोग असा होतो. रोगापेक्षा ताटातूट त्यांना अधिक दुखत होती, हे त्या नावावरूनच कळते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. डेमियन यांच्या आधीही काही निरोगी माणसे त्या पठारावर स्वखुशीने राहायला गेली होती. नवऱ्याबरोबर बायको, मुलाबरोबर आई असे हे सोबती. त्यांना तिथे ‘कोकुआ’ म्हणत, म्हणजे मदतीचा हात देणारे. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे इतिहासाला माहीत नाहीत. डेमियन यांचा मोठेपणा सांगताना या बिननावाच्या माणसांना विसरणे बरे नव्हे. त्यांनी आपल्या माणसासाठी जे केले, ते डेमियन यांनी परक्यांसाठी केले, एवढाच फरक.

मे १८७३ मध्ये माउई बेटावरील वाइलुकू येथे एका नव्या चर्चच्या समारंभासाठी बिशप मेग्रे आणि त्यांचे धर्मगुरू जमले होते. मोलोकाईच्या रुग्णांनी आपल्यासाठी एक धर्मगुरू मागितला होता. बिशपांना कुणावरही सक्ती करायची नव्हती, कारण तिथे पाठवणे म्हणजे जवळजवळ मरणाच्या दारी पाठवणे. चौघे तरुण पुढे आले. तेव्हा असे ठरले की चौघांनी पाळीपाळीने काही आठवडे तिथे जावे आणि परत यावे. पहिली पाळी डेमियन यांची लागली. १० मे १८७३ रोजी बिशपांबरोबर, रुग्णांनी आणि गुरांनी भरलेल्या एका आगबोटीतून ते मोलोकाईच्या किनाऱ्याला लागले. वय तेहेतीस वर्षांचे.

आता राहायचे कुठे? किनाऱ्यावर कलाउपापा हे गाव होते, तिथे बोटी लागत. रुग्णांची वसाहत होती पलीकडच्या बाजूला, कलावाओ येथे. तिथे गार वारा आणि पाऊस अधिक. कड्याच्या वर मोलोकाईचा बाकीचा भाग होता. तिथे निरोगी लोकांची खेडी होती आणि कड्यावरून खाली येणारी एक अवघड पायवाट होती. वरच्या एखाद्या गावात बिऱ्हाड करून आठवड्यातून एकदोनदा खाली उतरता आले असते. होनोलुलूच्या मठात राहून आगबोटीने फेऱ्या मारता आल्या असत्या. पाळी संपल्यावर निघून जाणे तर ठरलेलेच होते. यांपैकी काहीही केले असते तरी कुणी नावे ठेवली नसती. उलट एवढे करतो म्हणून कौतुकच झाले असते.

डेमियन कलावाओला गेले. तिथे सेंट फिलोमिना नावाचे एक छोटे प्रार्थनामंदिर आधीच उभे होते, पण धर्मगुरूला राहायला घर नव्हते. मंदिराजवळ एक झाड होते. आपल्या कोकणातल्या केवड्याच्या जातकुळीतले, मुळांचे टेकू देऊन उभे राहणारे. पहिले काही आठवडे त्या झाडाखालीच त्यांनी पथारी टाकली. एक सपाट दगड हेच जेवणाचे मेज. पुढे लाकूडफाटा आला तेव्हा त्यांनी मंदिराशेजारीच स्वतःसाठी लहानसे घर बांधले. तिथे गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वरिष्ठांना कळवले की पाळीपाळीने येणे नको, मला इथेच राहू द्या. पाहुणा म्हणून आलेला माणूस अशा रीतीने त्या गावचा रहिवासी झाला.

मुक्कामाने काय बदलते? फेरीवर येणारा माणूस दिवस पाहतो, मुक्कामाला असणारा माणूस रात्र पाहतो. रुग्ण रात्री कण्हतात, एखादा कुडकुडत मरतो, धड घर नसलेले अनाथ पोर कुणाच्या तरी दाराशी झोपते, दांडगाई करणारे अशक्तांच्या अंगावरचे पांघरूण ओढून घेतात, हे सारे फेरीवाल्याच्या नजरेला पडत नाही. दुरून डोंगर साजरे असे आपण म्हणतो. दुरून दुःखदेखील जरा बरेच दिसते. डेमियन तिथे राहत होते म्हणून वसाहतीची अडचण ही त्यांची स्वतःची अडचण झाली. पाणी लांबून आणावे लागे. ज्यांचे पाय सडलेले त्यांनी घागरी वाहायच्या कशा? त्यांनी सरकारकडे नळांसाठी तगादा लावला आणि नळ आल्यावर धडधाकट रुग्णांना बरोबर घेऊन ते स्वतः बसवले. १८७४ साली वादळी वाऱ्याने कुजक्या गवती झोपड्या उडून गेल्या. तेव्हा लाकडाची घरे बांधण्यासाठी हाच धर्मगुरू करवत आणि हातोडा घेऊन उभा राहिला. ट्रेमेलोच्या खेड्यात शिकलेली सुतारकी कामाला आली.

मेलेल्यांना नीट मातीही मिळत नव्हती. डेमियन यांनी शवपेट्या तयार केल्या, खड्डे खणले, स्मशानाला कुंपण घातले. माणसाला मरणात मान मिळू लागला तसे जगण्यालाही थोडा आकार आला. अनाथ मुलामुलींसाठी त्यांनी वेगळी घरे उभारली. वाद्यवृंद बसवला, गाणाऱ्यांचा मेळा जमवला. जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. हवाईचे लोक अळूच्या कंदाचा कुटून केलेला आंबट लगदा एकाच भांड्यातून बोटांनी खातात. त्याला ‘पोई’ म्हणतात. डेमियन त्या भांड्यात सर्वांबरोबर बोटे घालत. स्वतःचा पाइपही ते इतरांना ओढायला देत. जखमांच्या दर्पाने प्रथम त्यांना भोवळ येई म्हणून त्यांनी तंबाखूची सवय लावून घेतली होती. प्रवचन करताना ते रुग्णांना तुम्ही असे न म्हणता आपण असे म्हणू लागले. तेव्हा त्यांना रोग झालेला नव्हता.

या मुक्कामाची किंमत लगेचच मोजावी लागली. रोगाची लागण पसरू नये म्हणून आरोग्य मंडळाने पहिल्याच वर्षी त्यांनाही रुग्णांचे नियम लावले. बेट सोडायचे नाही, असा हुकूम झाला. त्या काळातला एक प्रसंग सांगतात. त्यांचे वरिष्ठ धर्मगुरू आगबोटीने मोलोकाईच्या किनाऱ्याजवळ आले. त्यांना उतरायला परवानगी नव्हती आणि डेमियन यांना बोटीवर चढायला. डेमियन लहान होडीतून बोटीपाशी गेले आणि खालूनच मोठ्याने, सगळ्यांच्या देखत, आपला पापनिवेदनाचा विधी पार पाडला. जो विधी दोघांच्या कानांतच राहायचा तो समुद्राच्या लाटांवर करावा लागला. हे निर्बंध पुढे सैल झाले. पण इतर रुग्णांचे निर्बंध कधीच सैल झाले नाहीत, हेही खरे. डेमियन यांनी ते ठिकाण निवडले होते. रुग्णांवर ते लादलेले होते. हा फरक त्यांना स्वतःलाही जाणवत असला पाहिजे, कारण रुग्णांच्या सोयींसाठी ते सरकारशी आयुष्यभर भांडत राहिले.

डिसेंबर १८८४ मध्ये एके दिवशी थकून आल्यावर त्यांनी पाय गरम पाण्यात बुडवले. पाणी इतके कढत होते की कातडीला फोड आले, पण त्यांना चटका जाणवला नाही. तेवढ्यावरून ते समजायचे ते समजले. पुढच्या वर्षी डॉक्टरांनीही निदान पक्के केले. त्यानंतर चार वर्षे ते काम करीत राहिले. घरांची छपरे, चर्चचा विस्तार, मुलांची व्यवस्था यांची घाई त्यांना लागली होती. १५ एप्रिल १८८९ रोजी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते वारले. ज्या झाडाखाली पहिली रात्र काढली होती त्याच झाडाखाली त्यांना पुरण्यात आले.

त्यांच्या मृत्यूनंतर एक वाद उद्भवला. होनोलुलूमधील हाइड नावाच्या एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने एका खासगी पत्रात डेमियन यांच्यावर टीका केली आणि ते पत्र छापले गेले. डेमियन अडाणी, अस्वच्छ, हेकट आणि चारित्र्याने संशयास्पद होते, असा त्याचा रोख होता. ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीमुळे आपल्याला ठाऊक असलेले लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन डेमियन वारल्यावर काही आठवड्यांतच मोलोकाईला जाऊन राहून आले होते. त्यांनी १८९० साली हाइड यांना जाहीर पत्र लिहून सडेतोड उत्तर दिले. मला त्या उत्तरातली एक गोष्ट विशेष वाटते. डेमियन यांचे सगळे दोष खोटे आहेत असे स्टीव्हन्सन यांनी म्हटले नाही. हेकटपणा, अव्यवस्थितपणा हे त्यांनी मान्यच केले. पण त्यांनी हाइड यांना त्यांच्या होनोलुलूतील सुखवस्तू घराची आठवण करून दिली. एक माणूस चांगल्या रस्त्यावरच्या चांगल्या घरात बसून दुसऱ्याच्या कळकट कपड्यांविषयी लिहितो, आणि तो दुसरा माणूस कलावाओच्या वस्तीत राहून मरतो. शेवटी वाद घरांच्या पत्त्यांवर येऊन ठेपला. स्टीव्हन्सन स्वतः प्रॉटेस्टंट घरातले होते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

यावरून कुणी असे समजू नये की सेवा करणाऱ्याने रोग ओढवून घ्यावा. डेमियन यांच्या अखेरच्या काळात मोलोकाईला आणखी माणसे आली. जोसेफ डटन हे अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले गृहस्थ १८८६ साली आले आणि १९३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथल्या रुग्णांचेच होऊन राहिले. मदर मेरिअन कोप या नोव्हेंबर १८८८ मध्ये आपल्या सहकारी भगिनींसह आल्या आणि १९१८ मध्ये वारल्या. स्वच्छतेविषयी त्या अतिशय काटेकोर होत्या. या दोघांना कुष्ठरोग झाला नाही. बहुतेक माणसांच्या शरीरात या रोगाला अटकाव करण्याची शक्ती उपजतच असते, हे आता आपल्याला माहीत आहे. कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वेमधील डॉ. हॅन्सन यांनी शोधले ते साल १८७३ होते. म्हणजे डेमियन झाडाखाली पथारी टाकत होते त्याच वर्षी. औषधे यायला मात्र १९४० नंतरचे दशक उजाडावे लागले. हवाईमधील सक्तीचा कायदा १९६९ साली उठला. तोपर्यंत सुमारे आठ हजार माणसे त्या पठारावर पाठवली गेली होती. आणि गंमत पाहा, कायदा उठल्यावर जायला मोकळीक मिळाली तरी अनेक रुग्णांनी तिथेच राहणे पसंत केले. तुरुंग म्हणून दिलेली जागा त्यांनी घर करून टाकली होती.

डेमियन यांचा देह १९३६ साली बेल्जियमला नेण्यात आला. तेव्हा मोलोकाईच्या लोकांना वाईट वाटले. पुढे १९९५ साली त्यांच्या उजव्या हाताचे अवशेष कलावाओच्या मूळ थडग्यात परत आणून ठेवले गेले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी रोममध्ये त्यांना संतपद देण्यात आले. ज्या हातात हातोडा आणि करवत होती तो हात अखेर आपल्या मुक्कामी परतला, हे मला संतपदाच्या समारंभापेक्षा अधिक योग्य वाटते.

आपल्याकडेही कुष्ठरुग्णांच्या सेवेचा इतिहास पाहिला तर तो राहण्याच्या जागेचाच इतिहास आहे. परचुरे शास्त्री हे संस्कृत पंडित कुष्ठरोगाने ग्रासल्यावर सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना दूर कुठे न ठेवता आपल्या कुटीच्या जवळच झोपडी बांधून दिली आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. मनोहर दिवाण वर्ध्याजवळ दत्तपूरला रुग्णांसाठी जाऊन राहिले. बाबा आमटे आणि साधनाताई आपल्या दोन लहानग्या मुलांना घेऊन वरोऱ्याजवळच्या ओसाड माळावर रुग्णांबरोबर राहायला गेले आणि त्यातून आनंदवन उभे राहिले. पण आपल्याकडे कुष्ठरुग्णांना वेगळे काढणारा १८९८ चा कायदा केंद्र सरकारने २०१६ साली रद्द केला, हेही विसरता येत नाही. औषध आले तरी शेजार मिळायला किती उशीर लागतो!

आता कुणी विचारील की हे सगळे संतमहात्म्यांचे झाले, आमच्यासारख्यांचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. आमच्या गावच्या शाळेचेच सांगते. मी तिसरीत होते तोपर्यंत शाळेतले शिक्षक तालुक्याहून अपडाऊन करीत. सकाळच्या गाडीने यायचे, संध्याकाळच्या गाडीने जायचे. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की गाडी यायची नाही आणि शाळा भरायची नाही. शिकवत होते ते वाईट नव्हते. पण त्यांचे डोळे साडेचारनंतर रस्त्याकडे लागत. पुढे एक गुरुजी बदलून आले, त्यांनी गावातच खोली घेतली. त्यांच्या ओसरीवर दिवा असे आणि आम्ही दहाबारा पोरे रात्री तिथे अभ्यासाला बसत असू. कुणाच्या घरात भांडण आहे, कुणाला शेतावर पाठवतात, कुणाचे लग्न ठरवायचा घाट आहे, हे सगळे त्यांना कळे, कारण ते तिथे राहत. आठवीनंतर माझी शाळा बंद करायचे घरात चालले होते. ते त्यांच्या कानावर गेले ते शाळेत नव्हे, रात्री पारावर. दुसऱ्याच दिवशी ते आमच्या घरी येऊन वडिलांशी बोलले. मी आज बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे ती त्या मुक्कामामुळे.

अपडाऊन करणाऱ्या सगळ्यांना दोष देऊन मी मोकळी होणार नाही. त्यांनाही मुले असतात, मुलांच्या शाळा असतात, घरी म्हातारे आईवडील असतात. कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या खोल्यांची कौले फुटलेली असतात. शौचालय नसते. कितीतरी गावांत खोली देण्याआधी जात विचारली जाते आणि मग खोली रिकामी असूनही मिळत नाही. एकट्या बाईला तर शंभर प्रश्न. मला शिक्षिका व्हायचे आहे असे मी म्हणते तेव्हा आईचा पहिला सवाल असतो की परगावी बदली झाली तर तू एकटी राहणार कशी? तिची काळजी खोटी नाही. डेमियन यांना झाडाखाली झोपता आले, ते पुरुष होते आणि धर्मगुरूही होते. माझ्यासारखीला दाराला कडी लागते की नाही हे आधी पाहावे लागेल. म्हणून मुक्काम ही एकट्या माणसाच्या निश्चयाची गोष्ट नाही. येणाऱ्याने राहायची तयारी ठेवली पाहिजे, तशी गावानेही त्याला ठेवून घ्यायची तयारी दाखवली पाहिजे. मोलोकाईच्या रुग्णांनी धर्मगुरू मागितला होता आणि आपल्या भांड्यात त्याला जेवायला बसवले होते, हे आपण विसरता कामा नये.

तरीही हिशेब करून झाल्यावर शेवटचा निर्णय आपलाच असतो. आपल्यापैकी कितीतरी जण उद्या शिक्षक होतील, ग्रामसेवक होतील, परिचारिका होतील, तलाठी होतील, बँकेत लागतील. कुणाची नेमणूक मेळघाटात होईल, कुणाची कोकणातल्या एखाद्या वाडीत, जिथे दिवसाला एकच गाडी जाते. त्या वेळी राहायला सोयीचे गाव कोणते, हा प्रश्न सगळेच विचारतील. त्याबरोबर एक प्रश्न आणखी विचारावा असे मला वाटते, की ज्यांच्यासाठी मला नेमले आहे त्यांना रात्री माझी गरज पडली तर मी कुठे असेन? त्याचे उत्तर सगळ्यांचे सारखे येणार नाही आणि येऊही नये. माझ्यापुरते मी ठरवले आहे. नोकरी लागली तर त्याच गावात कडी लागणारी खोली मी आधी शोधीन. मिळाली तर ओसरीवर एक दिवा लावीन. नाही मिळाली तर ग्रामपंचायतीत जाऊन ती मागेन, आणि पुन्हा पुन्हा मागेन. नळ आणि लाकूड मागताना डेमियन कुठे थकले होते?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)